डावखुऱ्या सासऱ्यांचा जावई

जगात असा एकही माणूस जन्माला आलेला नाही ज्याचे दोन्ही खांदे सारखे आहेत, असं माझे सासरे शेवटपर्यंत ठासून सांगत असत. आणि हे ते ऐकीव ज्ञानावर सांगत नसत, टेप लावून सांगत. जळगावात त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं आणि गावातल्या निम्म्या खांद्यांचा ठावठिकाणा त्यांना पाठ होता. आम्ही दुकानाच्या पायरीवर उभे असलो आणि समोरून एखादे वजनदार वकीलसाहेब चालले असले, की ते माझ्या कानाशी तोंड आणून म्हणत, "बघा जवाईबुवा, उजवा खांदा पाऊण बोट खाले शे. कोटमा कापूस भरीसन बरोबर करेल शे मी. त्यानी बायकोले बी माहीत नही." वकिलाच्या बायकोलाही ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, हा त्यांचा केवढा अभिमान! इतर शिंपी एका बाहीचं माप घेतात आणि दोन बाह्या कापतात. नानांच्या (सगळं जळगाव त्यांना नानाच म्हणायचं) लेखी हा या धंद्यातला सर्वात मोठा अधर्म होता. ते दोन्ही बाह्या मोजत, दोन्ही बगला मोजत, पायजम्याला दोन्ही मांड्या मोजत, आणि गिऱ्हाईक कंटाळून "नाना, आटपा की" म्हणालंच, तर "देवले दोन बाजू करता करता कंटाळा नही उना, आनी तुले नुसतं उभं ऱ्हावाले येस का?" असं विचारून पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेत.

ते स्वतः डावखुरे होते. डावखुरी माणसं पुष्कळ असतात, पण ती बिचारी अंग चोरून डावखुरी असतात. नाना डावखुरे होते ते एखाद्या संस्थानाचे राजे असावेत तसे. त्यांच्या सदऱ्याचा खिसा उजव्या बाजूला असे, कारण डावा हात सहज तिथं पोचतो. गुंड्याही उलट्या बाजूनं असत, आणि बायकांच्या झंपराच्या गुंड्या तशाच असतात म्हणून नवख्या माणसाला वाटायचं, नानांनी घाईत घरातलंच काहीतरी अंगात घातलंय. त्यांची कात्री तर जळगावात प्रसिद्धच होती. साध्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबानं एकमेकांवर बसतात. डाव्या हातानं दाबली तर ती फाकतात आणि कापड चावतात. म्हणून नाना जामनेरच्या एका लोहाराकडे जाऊन तीन दिवस त्याच्या भात्याशेजारी बसले आणि उलट्या पात्यांची कात्री घडवून घेऊन आले. ती कात्री एकदा चोरीला गेली. दुकानात सगळे हळहळले, नाना मात्र निवांत. "येई परत," म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी कात्री पायरीवर ठेवलेली, आणि तिच्याखाली कापडाची एक चावलेली, दातेरी चिंधी. चोरानं आपला राग त्या चिंधीतून व्यक्त केला होता. नानांनी ती चिंधी कित्येक वर्षं देवघरात ठेवली होती.

मला ते पहिल्यांदा भेटले ते स्वातंत्र्याच्या वर्षी, पिंपळनेरला आमच्या घरी. मी नुकताच धुळ्याला मास्तर म्हणून चिकटलो होतो आणि ते मला पाहायला आले होते. मुलीचा बाप अशा वेळी काय विचारतो? नोकरी कायम आहे का, शेत किती, भाऊ किती. नानांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, बोटमा बोट घाली हात जोडा." मी जोडले. त्यांनी वाकून कुठला अंगठा वर आला ते पाहिलं. मग म्हणाले, हाताची घडी घाला. घातली. मग वर्तमानपत्राची नळी करून माझ्या हातात दिली आणि अंगणातल्या कोंबडीकडे तिच्यातून बघायला सांगितलं. मी नळी कुठल्या डोळ्याला लावतो हे पाहून त्यांचा चेहरा एकदम उजळला. माझ्या वडिलांनी मध्यस्थाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "डोक्यानं बरे आहेत ना हे?" मध्यस्थ म्हणाला, "डोकं चांगलंय हो, फक्त ते दोन भागांत आहे आणि प्रत्येक भागाचा वेगळा विचार ते करतात." निकाल नानांनी तिथंच जाहीर केला: "हात उजवा शे, पन अंगठा डावा, डोया डावा. पोरगा अर्धा आमना शे. लगीन पक्कं." मी अर्धा त्यांचा आहे या एका गोष्टीवर मला त्यांची मुलगी मिळाली. पुढे मी त्या अर्ध्याला जागलो नाही, पण ते पुढे येईलच.

पंगतीत नाना डाव्या हातानं जेवत. आता यावर नाकं मुरडणाऱ्यांना आजही काही कमी नाही, पण तेव्हा तर हा धर्म बुडवण्याचाच प्रकार. ते नेहमी रांगेच्या डाव्या टोकाला बसत, म्हणजे कोपर कुणाला लागू नये; तेवढा शिष्टाचार ते पाळत, त्यापलीकडे नाही. धरणगावला एका लग्नात वरण-बट्टीचा बेत होता. नाना डाव्या मुठीनं बट्टी चुरत होते. समोरच्या रांगेत कपाशीवाले एक वयस्क आबा बसले होते. त्यांना राहवेना. "नाना, डावा हातनी जेवतस तुमी? लक्ष्मी उठी जाई घरमाइन." नानांनी चुरणं थांबवलं नाही. "आबा, औंदा तुमी जमीन लिधी. कागदवर अंगठा कोनता लावा?" आबा म्हणाले, "डावा. सरकारच डावा मांगस." नाना म्हणाले, "अशी बठ्ठी जमीन डावा अंगठावर तुमना घरमा येस, तव्हय लक्ष्मी उठत नही. मनी एक बट्टी जड व्हयनी का तिले?" वाढपे हसता हसता वरणाचं भांडं सांभाळत उभे राहिले. सगळ्यांच्या मनात जो खरा प्रश्न होता तो अखेर नवरदेवाच्या मामानं विचारला: मग त्या दुसऱ्या कामाला कुठला हात? "उजवा," नाना शांतपणे म्हणाले. "हात बदलेल शे, काम बदलेल नही." आबा त्या दिवशी पोट धरून हसले आणि त्यांनी पुढच्या वर्षीच्या सगळ्या कोपऱ्या, म्हणजे अंगातल्या बंड्या, नानांकडे शिवायला टाकल्या.

पण नानांचं सर्वात धास्तीचं व्यसन म्हणजे अर्धांगाच्या रोग्यांना भेटायला जाणं. गावात कुणाला झटका आला की दुसऱ्या दिवशी नाना चार मोसंबी घेऊन दारात हजर. माणसं "कसं आहे?" असं विचारतात, नाना विचारत, "कोनती बाजू?" घरची मंडळी बिचारी आतून कडी लावून घेत. नाना मोसंबी खिडकीतून आत ठेवून तिथूनच विचारत, "बरं, बोलस का?" असं वर्षानुवर्षं चाललं. त्यातून त्यांनी मनाशी एक गोष्ट नक्की केली होती: ज्याची उजवी बाजू जाते त्याची पुष्कळदा वाचाही जाते, ज्याची डावी जाते त्याची बहुधा टिकते. एकदा ते हे कोट शिवायला आलेल्या एका तरुण डॉक्टरला सांगत होते. तो मापाला हात पसरून उभा होता, तसाच पसरलेला राहिला. "नाना, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" नाना म्हणाले, "मना गिऱ्हाईकस्नी." डॉक्टरनं मग सांगितलं की मेंदूचे दोन भाग असतात, डावा भाग उजवं अंग चालवतो आणि उजवा भाग डावं, आणि बोलणं बहुतेकांचं डाव्या भागात असतं, डावखुऱ्यांचं कुठं असतं हे मात्र अजून नीट कळलेलं नाही. उलटं अंग चालवणारा मेंदू ऐकून दुकानातली बाकीची गिऱ्हाईकं चक्रावली. नाना नाही. त्यांनी मशीनचं चाक हळूहळू फिरवून दाखवलं. "त्यामा काय? वरना दोरा खाले जास, खालना वर येस, तव्हय टाका पडस. सरळ सरळ जातीन तं कापड उसवी जाई." मी शाळेत शरीरशास्त्राचा धडा अनेकदा शिकवला आहे. इतका चांगला मला तो कधीच शिकवता आला नाही.

इथपर्यंत मी नानांच्या गोष्टी अनेकांना सांगितल्या आहेत. मास्तरांच्या खोलीत, लग्नघरी, एस.टी.ची वाट पाहताना. लोक हसतात आणि म्हणतात, काय वल्ली माणूस! मग मी विषय बदलतो. कारण यानंतरची गोष्ट माझी आहे आणि ती मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

माझी थोरली मुलगी आजोबांवर गेली. पाळण्यातच तिचा डावा हात आधी पुढे यायचा. नानांना हे कळलं तेव्हा त्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून पेढे वाटले. मी तेव्हा हसलो. पण ती शाळेत जाऊ लागली आणि माझं हसणं थांबलं. मी धुळ्याच्या ज्या शाळेत होतो तिथं मी शिस्तीचा मास्तर म्हणून नावाजलेला होतो. डाव्या हातात पेन्सिल धरणाऱ्या मुलांच्या बोटांवर मी पट्टी मारत असे, आणि त्यात मला काही गैर वाटत नसे. अक्षर वळणदार हवं, वळणासाठी हात उजवा हवा, संपलं. अशा माझ्या शाळेत, पहिलीच्या वर्गात, माझीच मुलगी डाव्या हातानं अ काढत होती. हेडमास्तर एके दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "काय गुरुजी, दिव्याखाली अंधार?" सगळे हसले. पुढच्या महिन्यात शाळाखात्याच्या दिपोटीसाहेबांची तपासणी होती.

तिला पट्टी मारायला माझा हात धजेना, हे मी स्वतःच्या बाजूनं सांगतो, कारण स्वतःच्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे. मी दुसरं काहीतरी केलं. नाना दर दिवाळीला तिच्यासाठी लांब बाह्यांची पोलकी शिवून पाठवत. मी बायकोला म्हटलं, डाव्या बाहीचं तोंड शिवून टाक, हात आत राहील, आपोआप सवय मोडेल. ती म्हणाली, "मी शिंप्याची लेक आहे. बाही हात बाहेर यायला असते." आणि उठून चुलीपाशी गेली. मग मी स्वतः सुई-दोरा घेतला आणि टाके घातले. तीन पोलक्यांच्या तीन डाव्या बाह्या.

मुलगी पहिले दोन दिवस हसत होती. तिला तो खेळ वाटला. ती बाहीतल्या हाताला बाहुलीसारखं बोलायची. मग रडली. मग रडायची थांबली आणि उजव्या हातानं लिहू लागली, आणि मी हेडमास्तरांना तिची पाटी नेऊन दाखवली. पंधरा-वीस दिवसांनी ती "पाणी" म्हणताना अडखळली. "पा… पा…" मी म्हटलं, नीट बोल, लाडात येऊ नकोस. दुसऱ्या आठवड्यात "ताट" अडलं, "दूध" अडलं. मग ती पाण्याच्या माठाकडे नुसतं बोट दाखवू लागली, उजव्या हाताचं. एके दिवशी वर्गातल्या मुली तिला "पा-पा-पाणी" म्हणून चिडवत होत्या. मी दारातच होतो. मी त्यांना रागावलो नाही. आपलीच मुलगी आहे, पक्षपात दिसेल, असं मी स्वतःला सांगितलं.

संक्रांतीच्या आसपास नाना न कळवता आले. हातात केळीचा फणा, डोक्यावर टोपी, आणि उजव्या खिशात, जिथं लोकांचा खिसाच नसतो, तीळगुळाची पुडी. "कोठे शे मनी डावखुरी?" असं म्हणतच ते आत आले. मुलगी धावत आली, एक हात पुढे आणि एक बाहीत. "ना… ना…" म्हणाली, आणि अडली.

नाना टोपी न काढता खाली बसले. त्यांनी तिला मांडीशी घेतलं, तिची डावी बाही गुडघ्यावर पसरली, चष्मा लावला आणि अंगठ्याचं नख त्या टाक्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "हाई कोनी शिवी?"

मी म्हणालो, "तिनंच. तुमच्या लेकीनं."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

आता वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मला त्या क्षणी ठाऊक नव्हती आणि जी ठाऊक नसताना खोटं बोलण्याची चूक केवळ शिंप्याच्या जावयानंच करावी. माझी बायको लिहिते उजव्या हातानं, वाढते उजव्या हातानं, पण सुई धरते ती डाव्या. कारण शिवण ती नानांच्या मांडीशेजारी बसून, त्यांच्या हाताकडे बघत शिकली. डाव्या हाताचा टाका एका अंगाला कलतो, उजव्या हाताचा दुसऱ्या. मला दोन्ही टाके सारखेच दिसत होते. नानांना त्या बाहीवर शिवणाऱ्याचं नाव लिहिलेलं दिसत होतं. शिवाय शेवटची गाठ. ती मी शाळेच्या दप्तराला मारतो तशी मारली होती.

नाना इतकंच म्हणाले, "अस्सं." ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, मी उत्तरं तयार ठेवली होती. वळण, शिस्त, तपासणी, उद्या सासरी लोक काय म्हणतील. त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि एकेक टाका कापून दोऱ्याचे तुकडे माझ्या टेबलावर, मी तपासत होतो त्या वह्यांशेजारी, ओळीनं ठेवले. बाही मोकळी झाली. तिनं हात बाहेर काढला आणि आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बोटं उघडझाप केली. नाना उठले. "पोरले मी लइ जास," म्हणाले. माझी बायको आतून मुलीचे कपडे गाठोड्यात बांधूनच बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तीळगुळाची पुडी मात्र नाना जाताना माझ्या हातात देऊन गेले. "घ्या जवाईबुवा, सण शे," म्हणाले. ती मी खाल्ली नाही.

त्या चार महिन्यांत नानांची पत्रं दर आठवड्याला यायची, पण माझ्या नावानं नाही, लेकीच्या. ती वाचून झाली की बायको ती उतरंडीवर ठेवायची आणि मी ती शाळेला जाण्याआधी चोरून वाचायचो. मुलीच्या बोलण्याबद्दल नाना एक अक्षर लिहीत नसत. त्याऐवजी लिहीत की तिला काज करता येऊ लागलं. की शाईची दौत डाव्या बाजूला ठेवली. की बोरूची टोकं बाजारात सगळी उजव्या छाटाची मिळतात, त्यानं डाव्या हाताच्या अक्षराची जाड रेघ बारीक होते आणि बारीक ती जाड. म्हणून आपण तिला उलट्या छाटाचा बोरू करून दिला आहे, आता तिचं अक्षर बघा. खाली तिनं लिहिलेली एक ओळ होती. अक्षर माझ्या अक्षरासारखं वळणदार होतं. मी शाळेत इतक्या मुलांना बोरू छाटून दिले, एकालाही उलटा छाटून देण्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. बायको निघाली, आणि मी न विचारता तिच्याबरोबर गाडीत बसलो. जळगावला उतरून दुकानापाशी पोचलो तर आत ही गर्दी. सणाचे कपडे, कोळशाची इस्त्री फुसफुसते आहे, आणि मशीनशेजारी चौरंगावर माझी मुलगी गुंड्या लावते आहे. डाव्या हातानं, तोंडानं अखंड बडबडत. कुणाचा कुठला खांदा खाली आहे हे ती धरणगावच्या त्याच कपाशीवाल्या आबांना सांगत होती आणि ते ऐकून घेत होते. कुठंही अडत नव्हती. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

"या जवाईबुवा," नाना म्हणाले, जणू मी काल येऊन गेलो होतो. त्यांनी मला तिच्यासमोर बसवलं, पाटी दिली, आणि पेन्सिल माझ्या डाव्या हातात ठेवली. "नाव लिखा तुमनं."

मी म्हटलं, "नाना, इथं? सगळ्यांसमोर?"

"शाळामा बठ्ठासमोरच लिखतस ना पोरं?"

मी लिहायला घेतलं. तिशीला टेकलेला, वळणदार अक्षरासाठी तालुक्यात ओळखला जाणारा माणूस मी. पेन्सिल कधी पुढे पळे, कधी मागे. घाम फुटला. आबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, हाई नाव शे का कोंबडी?" इस्त्रीवाला हसून हसून खाली बसला. "कोंबडी नही," नाना म्हणाले, "कोंबडीना पाय बरा पडस." सगळं दुकान हसलं, मुलगीही हसली, मग तिला माझी दया आली असावी. ती चौरंगावरून उतरली, माझं कोपर धरून बाहेर ओढलं आणि म्हणाली, "असं नाही. कोपर बाहेर ठेवायचं. पाटी तिरकी करा. दाबू नका एवढं, हात दुखेल." एका दमात, न अडता. माझे डोळे भरून आले. ते तिनं पाहिलं, आणि मला काहीतरी म्हणायला गेली.

"बा… ब… बा…"

तिनं ओठ आवळले, पुन्हा प्रयत्न केला, आणि सोडून दिला. मग चौरंगावर जाऊन गुंड्या लावू लागली. नानांनी मशीनवर मान घातली आणि पायडल मारायला सुरुवात केली. सुईखाली कापड नव्हतं.

तो तरुण डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला होता. मी त्याला विचारलं, माझ्यामुळेच झालं का हे? तो भला माणूस होता. म्हणाला, खात्रीनं सांगता येत नाही. कित्येकांचे हात बदलतात आणि काही होत नाही, कित्येक हात न बदलता अडखळतात. त्याचं उत्तर खरं असेल. मला त्याचा उपयोग नव्हता. इतर कुठल्याच शब्दावर ती अडत नव्हती.

आम्ही मुलीला घेऊन निघालो तेव्हा नाना स्टेशनवर आले. बायको आणि मुलगी डब्यात बसल्या, मी खाली उभा. मी कसाबसा म्हणालो, "नाना, ती बाही…" त्यांनी हात वर केला. "माले माहीत शे. माले नका सांगू." मग खिडकीकडे पाहत हळूच म्हणाले, "जवाईबुवा, बठ्ठं शिवाई गयं. एक टाका ऱ्हायना. तो मना हातमा नही."

त्यानंतर मी कुणाच्याही बोटांवर पट्टी मारली नाही. वर्गातल्या डावखुऱ्या मुलांना डाव्या टोकाला बसवू लागलो आणि त्यांचे बोरू उलटे छाटू लागलो. हेडमास्तर बोलले, दिपोटीसाहेबांनी शेरा लिहिला. मी दोन्ही ऐकून घेतलं. यात माझं काही मोठेपण नाही. ज्यांना आधी मारलं त्यांपैकी कुणी आता बाजारात भेटतो, वाकून नमस्कार करतो, "गुरुजी, तुमच्यामुळे अक्षर चांगलं झालं" म्हणतो, आणि मी त्याच्या हाताकडे बघत राहतो.

नाना गेल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत टेप गळ्यात. घरी परतल्यावर मी बायकोला म्हटलं, एक सांगायचंय, बाहीबद्दल. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मी आतच होते ना तेव्हा." मग, वर न बघता, "नानांना मी काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, जाऊ द्या, ते घाबरले होते." इतकी वर्षं तिनं हे एकदाही काढलं नव्हतं. मी म्हटलं, तुझी क्षमा मागायची आहे. ती म्हणाली, "माझी मागून झाली. आता तिची मागा."

मागच्या महिन्यात मुलीला जवळ बसवून सांगितलं. ती अकरा वर्षांची आहे, वर्गात पहिली येते, डाव्या हातानं झरझर लिहिते. बाही कुणी शिवली होती, आणि मी कुणाचं नाव घेतलं होतं, दोन्ही सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "मला फक्त आत अंधार होता ते आठवतं." आणि वहीत डोकं घातलं.

ती वर्गात कविता म्हणते, भांडते, शेजारणींना त्यांचे खांदे सांगते, कुठंही अडत नाही. फक्त संध्याकाळी मला जेवायला बोलवायला ती दारात येते तेव्हा त्या एका शब्दाआधी अर्धा क्षण थांबते. मी वहीतून मान वर करत नाही. केली तर तिला वाटेल मी वाट पाहतो आहे. पाहतच असतो.